बाळंतिणीच्या वाटेवरचे राळे

आमच्या कल्याणच्या घरात बाळंतिणीला पाणी देत नसत. फारच तहान लागली म्हणाली तर सुंठ टाकून कोमट केलेलं घोटभर, तेही सासूबाईंच्या हातून, आणि वर "पुरे आता, अंग सुजेल" हे ऐकायचं. खोलीची खिडकी बंद, फटींत चिंध्या कोंबलेल्या. बाजेखाली शेगडी, शेगडीत ओवा-शेपांची धुरी. आणि हे कधी, तर वैशाखात, जेव्हा आमच्या अंगणातली माती पायाला चटके देई! हे सगळं मी थंड डोक्याने लिहावं असं कोणाला वाटत असेल तर त्याने दुसरं काही वाचायला घ्यावं. मी म्हातारी झाले, दात पडले, तरी त्या खोलीची आठवण झाली की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

त्या खोलीत होती माझी थोरली जाऊ. मी तिला वहिनी म्हणे, आणि एकेरीत हाक मारी. घरात सगळ्यांना ते खटके. पण लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा तिनेच बजावलं होतं, "मला अहो-जाहो केलंस तर लाटणं घालीन टाळक्यात." तिचं सगळं बोलणं असंच. मला हाक मारायची ती "भवाने" म्हणून. पहिल्याच महिन्यात माझ्या हातून भात करपला आणि सासूबाईंनी चुलीतली तापलेली पळी माझ्यावर उगारली, तर हिने मधे हात घातला. तिच्या मनगटावर तो वण कायमचा राहिला. कोणी विचारलं की म्हणायची, "ही आमच्या धाकटीच्या भाताची किंमत." माझी आई मी लहान असतानाच ठाण्याला वारली होती. मला जे काही माणूस होतं ते ही एक.

तिचीही आई गेलेली, म्हणून माहेरी न जाता ती सासरीच बाळंत झाली. माजघरामागे एक अंधारी खोली होती. एरवी तिथे गोवऱ्या आणि मोडकी सुपं पडलेली असत. गोवऱ्या एका कोपऱ्यात लोटल्या आणि बाज टाकली. अंथरायला काय? तर समया पुसलेल्या, माजघराच्या केरात लोळलेल्या चिंध्या. सोयराच्या, म्हणजे बाळंतविटाळाच्या, खोलीत गेलेलं कापड पुन्हा घरात येत नाही, सुइणीला द्यावं लागतं नाहीतर जाळावं लागतं. मग चांगलं कापड कोण घालवील? वर्षभर आमच्याकडे घाण चिंधी दिसली की सासूबाई म्हणायच्या, "टाकू नका गं, बाळंतिणीला होईल." खातंपितं घर होतं आमचं, कापडाला काही तोटा नव्हता.

सुईण आली ती दिवा गावाहून, मिठाच्या होडीतून. तिथल्या एका आगऱ्याच्या घरी ती बाळंतपणाला गेली होती आणि ती बाई तापाने फणफणत होती, हे तिनेच ओसरीवर पान खाता खाता सांगितलं. कोणाला त्याचं काही वाटलं नाही. मलाही नाही. तशीच उठली आणि आत शिरली. हात धुतले नाहीत. का धुवावे? आमचा नियम उलटा होता. बाळंतिणीला शिवलं की अंघोळ करायची, लुगडं भिजवायचं, डोक्यावरून पाणी घ्यायचं. शिवण्याआधी काही नाही. विटाळ तिच्यापासून आपल्याला होतो. आपल्यापासून तिला काही होईल हे कोणाच्या स्वप्नातही येत नसे.

मी दाराशी गरम पाण्याचा हंडा घेऊन उभी होते, म्हणून पाहिलं. मुलगी झाली. रडली. आणि वार काही पडेना. सुईण बाजेवर चढली, वहिनीच्या पोटावर गुडघा रोवला आणि खालून नाळ ओढायला लागली. "जोर कर गो बाय, जोर कर! कशी नाय येत ती बघते." वहिनी गुरासारखी ओरडली. शेवटी एकदम काहीतरी तुटल्यासारखं झालं आणि सुईण मागच्या मागे जमिनीवर आपटली. "आली, आली," म्हणाली. जे हातात आलं होतं ते मडक्यात घालून परसात पुरलं. अख्खं आलं की अर्धं, ते कोणी पाहिलं नाही. असलं काही पाहायचं नसतं.

तिसऱ्या दिवशी तिला हुडहुडी भरली. दात असे वाजत की बाज हालायची. मग ताप. खोलीला एक वास यायला लागला, आणि तो धुरीने जाईना म्हणून सासूबाईंनी धुरी वाढवली. अंगावरचं जाणं बंद झालं, तर म्हणाल्या, "बरं झालं, लवकर सुकली." दशमुळांचा काढा, वर सुंठीची पोळी, वर शेगडीत आणखी निखारे. त्यांना वाटत होतं की सर्दी शिरली आहे आणि ती शेकून बाहेर काढायची. त्या दुष्ट नव्हत्या. दुष्ट असत्या तर मला सोपं गेलं असतं. दारात उभ्या राहून त्या पोथी वाचत आणि पदराने डोळे पुशीत, आणि पुन्हा शेगडी फुलवीत.

मी ठरवलं की हिला मरू द्यायचं नाही. बाकी मला काही कळत नव्हतं, पण एवढं कळत होतं. थोरले दीर ठाण्याला कचेरीत कारकून होते, आगगाडीने जात-येत. आमच्यात धाकट्या भावजयीने थोरल्या दिरासमोर तोंड उघडायचं नसतं. मी त्यांना वाढत होते, ते खाली मान घालून जेवत होते. माझं डोकं फिरलं. पातेलं असं आदळलं की भात त्यांच्या मांडीवर उडाला. "तुमची बायको सडतेय आत, वास येतो का नाही? का नाकात बोळे कोंबलेत? ठाण्याहून डॉक्टर आणा, नाहीतर मी गावात बोंब मारीन!" आमचे हे उठले आणि त्यांनी माझ्या तोंडात भडकावली. ओठ फाटला. पण दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने डॉक्टर आला.

आला म्हणजे ओटीवर आला. माजघराच्या दारात लुगडं बांधलं होतं. वहिनीला दोघींनी धरून लुगड्यामागे बसवली, तिचा हात तेवढा बाहेर काढला. त्याने नाडी पाहिली आणि त्याचा चेहरा उतरला. "वार पुरी पडली का?" त्याने विचारलं. सासूबाई आतून म्हणाल्या, "पडली." "पाहिली का कोणी?" मग तो म्हणाला, मला पोट तपासलं पाहिजे, आत काही राहिलंय ते काढलं पाहिजे. मामंजी म्हणाले, ते होणार नाही. तो म्हणाला, मग मुंबईला न्या, तिथे बायकांच्या दवाखान्यात बाया आहेत. मामंजी म्हणाले, सोयरातली बाई आगगाडीत कशी बसवायची, डब्यातल्या सगळ्यांना विटाळ होईल, आमच्या हातून ते पाप नको. तेव्हा डॉक्टर खवळला. "मग तिला मारा आणि हात धुवा," म्हणाला. "ते तुम्हाला छान जमतं. आधी धुवायला शिका!"

एवढं बोलून त्याने औषधं मात्र ठेवली. तापावर कोयनेल. ब्रँडीची बाटली, ती मामंजींनी त्याची पाठ फिरताच मोरीत ओतली. आणि जांभळ्या खड्यांची एक पुडी. एक खडा पाण्यात टाकला की पाणी लालभडक होई. त्या पाण्याने हात धुऊनच तिला शिवायचं, आणि तेच पाणी, उकळून निववलेलं, पिचकारीने आत घालायचं, सकाळ-संध्याकाळ. खिडकी उघडायची. शेगडी काढायची. कपडे उकळायचे. मागेल तेवढं पाणी प्यायला द्यायचं.

आता ऐका आमच्या घराने काय केलं ते. सासूबाईंनी ते लाल पाणी घंगाळात केलं आणि घंगाळ खोलीच्या दाराबाहेर, बाहेर पडणाऱ्याच्या उजव्या हाताला ठेवलं. सुईण आली, तशीच आत गेली, तेलाचे हात फिरवले, चिंध्या बदलल्या, बाहेर आली आणि मग कोपरापर्यंत स्वच्छ हात धुतले. सासूबाईंनीही धुतले. "डॉक्टर म्हणाला ते बरोबर हो," म्हणाल्या, "विटाळ अगदी निघून जातो." मी बघत होते. मी म्हटलं, "अहो, आत जायच्या आधी धुवायचे!" त्या माझ्याकडे वेडी समजून बघायला लागल्या. "आधी? बाळंतिणीला शिवायच्या आधी कोणी अंघोळ करतं का गं? ती काय देव आहे?"

काय बोलणार, डोंबल! मी माजघरातलं मुसळ उचललं आणि खोलीत शिरले. एकदा शिरले की मीही सोयरात, मग माझ्या हातचं कोणी खाणार नाही, मला कोणी शिवणार नाही. बरंच झालं. पहिल्या घावात खिडकीची कडी उडाली, दुसऱ्यात झडप. उजेड आत आला आणि मी पहिल्यांदा तिचं तोंड नीट पाहिलं. ओठांवर काळी खपली, डोळे खोल. शेगडी बाजेखालून ओढली आणि फुटक्या खिडकीतून परसात भिरकावली. निखारे सांडले, माझ्या पायाची कातडी गेली, मला ते संध्याकाळी कळलं. सासूबाई मला आवरायला धावल्या, विटाळाचंही भान राहिलं नाही त्यांना. मी त्यांना ढकललं. त्या गोवऱ्यांच्या ढिगावर पडल्या. मला त्याचा पस्तावा तेव्हा झाला नाही आणि आजही होत नाही. मी तांब्या वहिनीच्या तोंडाला लावला. ती इतकी घटाघटा प्यायली की ठसका लागला, आणि तांब्या रिकामा झाल्यावर ती तो सोडेचना, दोन्ही हातांनी धरून ठेवला. "भवाने," म्हणाली, "आणखी आण."

पिचकारी मीच दिली. दुसरं कोण देणार? मला माहीत नव्हतं कशी द्यायची. डॉक्टरने लुगड्यामागून सांगितलं होतं तेवढं आठवून दिली, हात आधी घासून घासून. तिला इतकं दुखलं की तिने माझ्या जबड्यावर लाथ मारली, मी भिंतीवर आपटले. उठले, तिच्या मांड्यांवर बसले आणि पुन्हा दिली. ती मला शिव्या देत होती, माझ्या बापाचा उद्धार करीत होती, मी रडत होते आणि दाबून धरत होते. लाल पाण्याबरोबर काळे, कुजके तुकडे आले. तो वास मी सांगणार नाही. पण दुसऱ्या दिवशी ताप उतरला. तिने पेज मागितली. पोरीला छातीशी धरलं. दूध नव्हतं, पोर बोळ्याने शेळीचं दूध पीत होती, तरी धरलं. "नाक आमच्या सासूबाईंचं घेतलंय मेलीनं," म्हणाली आणि हसली. मी परसात जाऊन एकटीच नाचले. खरंच नाचले, भाजलेल्या पायाने!

ते सुख एक दिवस टिकलं. मग पुन्हा हुडहुडी आली, आधीपेक्षा वाईट. पोट ढोलासारखं फुगलं. पांघरुणाचा भारही सोसेना. ती बरळायला लागली, भिंतीवर कोणी चढतंय म्हणायला लागली, जवळ जाईल त्याला ओरबाडू लागली. आता घराला पक्की खात्री पटली. मी खिडकी फोडली ना, त्या खिडकीतून काहीतरी आत शिरलं. मलंगगडाच्या पायथ्याहून भूत उतरवणारा भगत आणायला माणूस गेला. मी आडवी येणार हे ठाऊक असल्यामुळे आमच्या ह्यांनी मला तांदळाच्या कोठीत ओढत नेलं आणि बाहेरून कडी घातली.

त्या कोठीतून सगळं ऐकू येत होतं. मिरच्यांचा धूर माझ्यापर्यंत आला, मी खोकून खोकून अर्धी झाले, मग तिची काय दशा असेल. केरसुणीचे फटके ऐकू येत होते. "कोन हायस तू? बोल! कुठून आलीस?" आणि तिचा आवाज, घोगरा, "पाणी." फटका. "काय पायजे तुला?" "पाणी दे रे मेल्या." फटका. भगत ओरडून घरच्यांना सांगत होता, "ऐकलंव? ती नाय मागत, तिच्यातली मागते. पाणी द्याल तर तिला जोर येल. थेंब देव नका!" मी कोठीच्या दारावर डोकं आपटत होते. मग अधोली हातात लागली, धान्य मोजायची, जाड लाकडाची. तिने कडीचा खिळा ठोकून ठोकून ढिला केला. दार मोडून मी बाहेर आले, सरळ आत गेले, भगताच्या हातातली केरसुणी हिसकली आणि त्याच्या थोबाडावर, नाकावर, कानावर मारत सुटले. "मुडदा बशिवला तुझा! बाळंतिणीला मारतोस?" भगत मागे सरकत अंगणात गेला. जाता जाता म्हणाला, "बघा, आता ती हिच्या अंगान आली." खरंच आली होती. मला तेव्हा कोणीही अडवू शकलं नसतं.

मी तिला पाणी दिलं. आता ते गिळवत नव्हतं, ओठांच्या कडेने ओघळत होतं. अंगावर केरसुणीचे वळ होते, छातीवर, पोटावर, त्या फुगलेल्या पोटावर. मी ओल्या फडक्याने पुसत बसले. खोलीबाहेर यायचंच नाही असं ठरवलं.

दुपारी ती शुद्धीवर आली. मरणाच्या आधी माणूस असं येतं म्हणतात, मला ठाऊक नव्हतं, मला वाटलं आपण जिंकलो. फुटक्या खिडकीतून परस दिसत होतं. तिथे सासूबाई सुपात काहीतरी पाखडत होत्या. पिवळे बारीक दाणे. आमच्याकडे राळे कोणी खात नसे. मी विचारात पडले की हे कशाला आणले. शेजारी पाटावर लोखंडी खिळे ठेवले होते, नवे. वहिनीनेही मान वळवून पाहिलं आणि तिला माझ्याआधी कळलं.

सोयरात मेलेली बाई परत येते, असं आमच्याकडे मानीत. पोरासाठी येते, टळटळीत दुपारी, आणि बरोबर कोणाला तरी घेऊन जाते. म्हणून तिच्या पायात खिळे मारायचे, उंबऱ्यात खिळे मारायचे, आणि घरापासून मसणापर्यंत वाटेवर राळे पेरत जायचं. राळे वेचल्याशिवाय तिला पुढे पाऊल टाकता येत नाही. वेचता वेचता वेळ टळते, तिला परत जावं लागतं. अजून ती जिवंत होती हो! डोळे उघडे होते तिचे! आणि बाहेर तिच्यासाठी राळे पाखडत होते.

"भवाने," ती म्हणाली, "हे माझ्यासाठी गं?" तिने माझं मनगट धरलं. "ठोकू देऊ नकोस त्यांना. मला येऊ दे. मी कोणाला धरणार नाही, शपथ. नुसती पोर बघून जाईन." मी म्हटलं, "तू मरत नाहीस, गप्प बस." ती चिडली. तशा अवस्थेतही चिडली. "शहाणपणा शिकवू नकोस मला. येऊ देशील का नाही ते सांग." मी म्हटलं, "येऊ देईन." "शपथ?" "शपथ."

ऊन कलायच्या आत ती गेली.

मला बाजूला करून तिला ओटीवर आणली तेव्हा शेजारचे एक म्हातारेबुवा हातोडी घेऊन पुढे झाले. असल्या कामाला ते ठरलेले. मी तिच्या पावलांवर पालथी पडले. "आधी माझ्या पायात ठोका." आमच्या ह्यांनी माझे केस धरून ओढलं, मी सोडेना. म्हातारेबुवांचा हात जवळ आला तसा मी चावले, रक्त येईपर्यंत. थोरले दीर खांबाला टेकून उभे होते. शेवटी मामंजींनीच कपाळावर हात मारला, "सोडा ते पाय. उंबऱ्यात ठोका, तेवढं पुरे." तिरडी उचलली. तिरडी दाराबाहेर पडताच सासूबाईंनी स्वतः हातोडी घेतली आणि उंबऱ्यात खिळे ठोकले. प्रत्येक घावाला त्या हुंदका देत होत्या आणि ठोकत होत्या. मी ते पाहिलं. पुरुष तिरडीबरोबर खाडीकडे निघाले, आणि शेवटचा माणूस पिशवीतून मुठीमुठीने राळे टाकत गेला.

मी मोरीमागचा खराटा घेतला आणि निघाले.

भर रस्त्याने, डोक्यावरचा पदर सुटलेला, अंगाला सोयराची घाण, मी खराटा मारत निघाले. दाणे गटारात लोटले, धुळीत लोटले, लोकांच्या पायरीखाली लोटले. कल्याणातल्या बायका माड्यांवरून बघत होत्या. दुकानदार दुकानं सोडून उभे राहिले. "अरे, धरा तिला!" कोणीतरी ओरडलं. कोणी धरलं नाही. कोण धरणार? मी सोयरातली, वर घरात सुतक. मला शिवलं की अंघोळ. त्या दिवशी त्यांच्याच विटाळाने मला वाट करून दिली. ती वाट मी तळ्यापर्यंत, तिथून खाडीच्या उतारापर्यंत झाडली. एका अंगणातल्या कोंबड्या माझ्यामागे लागल्या होत्या, उरलेसुरले दाणे त्यांनी टिपले. खाली चिता पेटलेली दिसली तेव्हा मी थांबले.

घरी आल्यावर मला मार बसला. ह्यांनी आधी खराट्यानेच मारलं, मग तो तुटला तसं हाताने. हाताची करंगळीकडची दोन बोटं वाकडी झाली ती तेव्हाची. त्यांची अब्रू गेली होती, त्यांना दुसरं काय सुचणार. मी रडले नाही. मनात एकच चाललं होतं, उंबऱ्यातले खिळे राहिले. दुसऱ्या दिवशी सगळे अंघोळीला विहिरीवर गेले तेव्हा मी चुलीजवळची सांडशी आणली आणि एकेक खिळा उपटला. वाकड्या बोटांनी. सगळे नेऊन विहिरीमागच्या उकिरड्यात टाकले.

मग मी रोज दुपारी पोरीला मांडीवर घेऊन त्या उंबऱ्याशी बसायची. दार सताड उघडं. डोक्यावर सूर्य आला की रस्ता ओस पडे, कुत्री सावलीला जात. मी पोरीच्या तोंडावरचं दुपटं बाजूला करी, म्हणजे वहिनीला ती लांबूनही दिसावी. भीती? मला कसली भीती! मी तिला द्यायच्या शिव्यासुद्धा जुळवून ठेवल्या होत्या, इतका उशीर लावल्याबद्दल. सुतक फिटलं, बारसं झालं, पोर बोळ्याचं दूध पिऊन हळूहळू धरायला लागली. वहिनी आली नाही.

एक दिवस सासूबाई मागून येऊन माझ्याजवळ बसल्या. त्या तोवर माझ्याशी बोलत नव्हत्या. रस्त्याकडे बघतच म्हणाल्या, "आली का गं?"

मला इतका राग आला की कान तापले. म्हटलं, "कशी येईल? तुम्ही खिळे ठोकलेत ना!"

त्या पुढे सरकल्या, उंबऱ्यावर ओणव्या झाल्या आणि बोटांनी खिळे चाचपायला लागल्या. नखांनी धूळ खरवडत होत्या. त्यांना ते उपटायचे होते. एका भोकात बोट गेलं, मग दुसऱ्या. मग त्यांनी सगळी भोकं एकामागून एक बघितली. सगळी रिकामी.

त्यांनी वर पाहिलं, माझ्याकडे.

"मग का नाही गं आली?" म्हणाल्या.